ई-कॅडहेरिन ओळखणारे प्रतिपिंड : निवड, पडताळणी आणि वापर

एपिथेलियल पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवण्याचे काम प्रामुख्याने ई-कॅडहेरिन हे प्रथिन करते, आणि पेशी-आसंजनाचा किंवा कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये त्याच्या प्रतिपिंडाची एखादी तरी कुपी असते. मात्र त्या कुपीतले प्रतिपिंड प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या भागाला चिकटते, असे विचारल्यास उत्तरासाठी बहुधा माहितीपत्रक शोधावे लागते. ही मार्गदर्शिका त्याच प्रश्नाभोवती लिहिली आहे. पेशी प्लेटवरून कशा सोडवायच्या, बफरमध्ये कॅल्शियम ठेवायचे की नाही, स्थिरीकरण फॉर्माल्डिहाइडने करायचे की मिथेनॉलने, ब्लॉटवर (जेलवर आकारानुसार विलग करून मेम्ब्रेनवर उतरवलेल्या प्रथिनांच्या चाचणीत) खाली दिसणारा जादा बँड दुर्लक्षित करायचा की नोंदवायचा, हे सारे प्रतिपिंडाचा एपिटोप, म्हणजे प्रथिनावरची ते चिकटण्याची नेमकी जागा, पेशीच्या बाहेर आहे की आत, यावर ठरते.

प्रथिनाची रचना

मानवी ई-कॅडहेरिनचे जनुक सीडीएच१ या नावाने ओळखले जाते आणि ते १६व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्यावरून प्रथम ८८२ अमिनो आम्लांची पूर्वरूप साखळी तयार होते आणि तिचा सुरुवातीचा भाग छाटला गेल्यानंतर परिपक्व प्रथिन पेशीपटलावर बसते. ब्लॉटवर पूर्वरूप साधारण १३५ किलोडाल्टनला आणि परिपक्व रूप साधारण १२० किलोडाल्टनला दिसते. पेशीबाहेरच्या भागात एकाच घडणीचे पाच घटक ओळीने जोडलेले असतात, त्यांना ईसी१ ते ईसी५ म्हणतात. लगतच्या दोन घटकांच्या प्रत्येक सांध्यात तीन कॅल्शियम आयन बसतात आणि त्यांच्यामुळेच हा बाहेरचा भाग ताठ राहतो. कॅल्शियम काढून घेतले की सांधे सैल होतात, शेजारच्या पेशीवरील ई-कॅडहेरिनशी ईसी१ने साधलेली जोडणी सुटते आणि एरवी प्रोटिएजला, म्हणजे प्रथिने कापणाऱ्या विकरांना, दाद न देणारा हा भाग ट्रिप्सिन या अशाच विकराला सहज बळी पडतो. प्रथिन पटल एकदाच ओलांडते आणि आतल्या बाजूस सुमारे १५० अमिनो आम्लांची शेपटी उरते. तिला पी१२०-कॅटेनिन आणि बीटा-कॅटेनिन चिकटतात व पुढे अल्फा-कॅटेनिनमार्फत अ‍ॅक्टिनच्या तंतूंशी दुवा जुळतो.

कॅल्शियमचे हे महत्त्व मासातोशी ताकेइची यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, रोल्फ केमलर, फ्रान्स्वा जाकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या प्रतिरसातील प्रतिपिंडांचे तुकडे वापरून उंदराच्या भ्रूणातील पेशींचे घट्ट बिलगणे रोखले होते. हे प्रथिन पुढे ओळखले गेले ते अशा आसंजन तोडणाऱ्या प्रतिपिंडांच्या मदतीने, ही गोष्ट इतिहास म्हणूनच नव्हे तर व्यवहारातही लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण बाहेरच्या भागाविरुद्धची काही प्रसिद्ध प्रतिपिंडे आजही जिवंत पेशींवर टाकल्यास त्यांना एकमेकींपासून सोडवतात.

कोणते प्रतिपिंड घ्यावे

आधी प्रयोग ठरवावा आणि मग क्लोन, म्हणजे एकाच पेशीवंशातून आलेले विशिष्ट प्रतिपिंड, निवडावा. एकूण प्रथिन कमी झाले की वाढले एवढेच पाहायचे असेल, तर आतल्या शेपटीविरुद्धचे प्रतिपिंड सोयीचे पडते, कारण पेशी सोडवताना किंवा धुताना त्याच्या एपिटोपला धक्का लागत नाही. सशाचे मोनोक्लोनल (एकच एपिटोप ओळखणारे) २४ई१० आणि उंदराचे मोनोक्लोनल क्लोन ३६ ही या गटातली सर्रास वापरली जाणारी उदाहरणे आहेत. याउलट प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर खरोखर आहे का, हे न चिरलेल्या पेशींवर तपासायचे असेल, तर बाहेरच्या भागाविरुद्धच्या प्रतिपिंडाशिवाय पर्याय नाही. मानवी पेशींसाठी एचईसीडी-१ आणि उंदराच्या पेशींसाठी उंदीरवर्गातल्याच पण मोठ्या प्राण्यात, म्हणजे रॅटमध्ये बनवलेली डीईसीएमए-१ व ईसीसीडी-२ ही प्रतिपिंडे या कामासाठी दीर्घकाळ वापरात आहेत. डीईसीएमए-१ कुत्र्याच्या ई-कॅडहेरिनलाही ओळखते, त्यामुळे कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या एमडीसीके पेशींवर काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडते.

शेपटीविरुद्धच्या प्रतिपिंडांची एक अडचण सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. ई, एन आणि पी या अभिजात कॅडहेरिनांच्या शेपट्या एकमेकींशी फार मिळत्याजुळत्या असतात, इतक्या की सगळ्या कॅडहेरिनांना एकदम ओळखणारी प्रतिपिंडे मुद्दाम याच भागाविरुद्ध बनवली जातात. त्यामुळे शेपटीविरुद्धच्या प्रतिपिंडाने पी-कॅडहेरिनही ओळखले तर त्यात नवल नाही, आणि दोघांचे आकारमान जवळपास सारखे असल्याने ब्लॉटवर ती गल्लत डोळ्यांना कळतही नाही. एपिथेलियल ते मेसेंकायमल स्थित्यंतराच्या (घट्ट जोडलेल्या पेशी सुट्या, फिरत्या होण्याच्या) अभ्यासात ई-कॅडहेरिन घटते आणि अनेकदा एन-कॅडहेरिन वाढते. अशा वेळी परस्पर-ओळख असलेले प्रतिपिंड खरा बदल झाकून टाकू शकते.

प्रतिपिंड कोणत्या प्राण्यात बनले आहे, हेही पाहावे. उंदराच्या ऊतीवर उंदराचेच प्रतिपिंड वापरल्यास दुय्यम प्रतिपिंड (प्राथमिक प्रतिपिंडाला चिकटून सिग्नल देणारे) ऊतीतल्या मूळ इम्युनोग्लोब्युलिनलाही चिकटते आणि सगळीकडे धूसर रंग येतो. अशा ठिकाणी रॅट किंवा सशाचे प्रतिपिंड घेतलेले बरे. पॉलिक्लोनल प्रतिपिंड, म्हणजे अनेक एपिटोप ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचे मिश्रण, स्वस्त पडले आणि त्याचा सिग्नलही तेजस्वी आला, तरी दर नव्या लॉटबरोबर त्याचे वागणे बदलू शकते. दोन-तीन वर्षे चालणाऱ्या अभ्यासासाठी मोनोक्लोनल, आणि मिळत असल्यास रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुपी आल्यावर

कुपी उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी, कारण प्रवासात द्रव झाकणाला चिकटलेला असतो आणि १०० मायक्रोलिटरच्या कुपीत तेवढा थेंबही मोलाचा असतो. माहितीपत्रकात उणे २० अंश सांगितले असेल आणि द्रवात ५० टक्के ग्लिसरॉल असेल, तर प्रतिपिंड त्या तापमानाला गोठत नाही व वेगळे भाग करण्याची गरज उरत नाही. ग्लिसरॉल नसल्यास मात्र लहान भाग करून ठेवावेत आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये प्रतिपिंडे ठेवू नयेत. प्रतिदीप्त रंग जोडलेले प्रतिपिंड गोठवायचे नसते. ते ४ अंशाला, अंधारात ठेवावे. पातळ केलेले द्रावण पुन्हा वापरण्यासाठी सोडियम अझाइड घालण्याची पद्धत आहे, परंतु अझाइड पेरॉक्सिडेजला निकामी करते, म्हणून ते एचआरपी हे पेरॉक्सिडेज जोडलेल्या दुय्यम प्रतिपिंडाच्या द्रावणात कधीही घालू नये.

पडताळणी : प्रतिपिंड खरेच ई-कॅडहेरिनच ओळखते का

२०१६ मध्ये प्रतिपिंड पडताळणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पाच मार्ग सुचवले. जनुकच काढून किंवा दाबून पाहणे, प्रतिपिंडावर अवलंबून नसलेल्या पद्धतीशी ताडून पाहणे, वेगळ्या एपिटोपच्या दुसऱ्या प्रतिपिंडाशी तुलना करणे, टॅग जोडलेले प्रथिन पेशीत व्यक्त करून पाहणे आणि प्रतिपिंडाने पकडलेल्या प्रथिनाची मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळख पटवणे, हे ते पाच मार्ग होत. सगळे करायची गरज नसते, पण ज्या पद्धतीत प्रतिपिंड वापरायचे आहे त्याच पद्धतीत पडताळणी व्हायला हवी. ब्लॉटवर उत्तम चालणारे प्रतिपिंड सूक्ष्मदर्शकाखाली निरुपयोगी ठरू शकते, कारण ब्लॉटवरील प्रथिन उलगडलेले असते आणि स्थिर केलेल्या पेशीतले बहुतांशी घडी घातलेले.

ई-कॅडहेरिनच्या बाबतीत तयार कंट्रोल सहज मिळतात. एमसीएफ-७, टी४७डी आणि ए४३१ या मानवी पेशींत ते भरपूर असते. एमडीए-एमबी-२३१ पेशींत सीडीएच१चा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) मिथिलेशनमुळे बंद असल्याने ते जवळजवळ नसते, तर एसके-बीआर-३ पेशींत जनुकाचाच मोठा भाग गळालेला असतो. या पेशी पहिल्या चाचणीला पुरेशा आहेत, तरीही दोन वेगळ्या वंशांच्या पेशींमधला फरक हा केवळ एका प्रथिनाचा फरक नसतो. म्हणून खरा निर्णायक पुरावा एकाच पेशीवंशातील मूळ आणि सीडीएच१ काढून टाकलेल्या पेशींची शेजारी-शेजारी तुलना हाच मानावा. क्रिस्पर या जनुक-संपादन पद्धतीने असा वंश तयार करणे शक्य नसेल, तर सिआरएनए या लहान आरएनए तुकड्याने जनुक दाबून ४८ ते ७२ तासांनी पाहावे आणि एका सिआरएनएवर विसंबू नये, निदान दोन वेगळ्या क्रमांच्या सिआरएनएंनी तोच परिणाम मिळाला पाहिजे. ए४३१ पेशींत ई आणि पी ही दोन्ही कॅडहेरिने असतात. त्यांतले फक्त ई काढल्यावर १२० किलोडाल्टनचा बँड पूर्ण गेला तर प्रतिपिंड खास ई-कॅडहेरिनचेच आहे, आणि थोडा उरला तर पी-कॅडहेरिनचा संशय घ्यावा.

बाहेरच्या भागाविरुद्धच्या प्रतिपिंडासाठी एक जुनी, स्वस्त आणि फार बोलकी चाचणी आहे, आणि ती आज फारशी कोणी करत नाही याचे वाईट वाटते. ताकेइची यांच्या कामातून आलेल्या या पद्धतीत पेशींचा एक गट १ मिलिमोलर कॅल्शियम असलेल्या ०.०१ टक्के ट्रिप्सिनमध्ये आणि दुसरा गट कॅल्शियमऐवजी ते बांधून घेणारे ईडीटीए असलेल्या तेवढ्याच ट्रिप्सिनमध्ये ठेवतात. नंतर ट्रिप्सिन निरोधक घालून दोन्ही गटांचे लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) एकाच जेलवर चालवतात. कॅल्शियमच्या गटात १२० किलोडाल्टनचा बँड शाबूत राहतो, ईडीटीएच्या गटात तो नाहीसा होतो. प्रतिपिंड बाहेरच्या भागाचे असेल तर दुसऱ्या रांगेत काहीच उरत नाही, आणि शेपटीचे असेल तर त्या जागी खाली पटलाशी अडकून राहिलेला लहान तुकडा दिसू शकतो. एकाच ब्लॉटवर प्रथिनाचे कॅल्शियमवरील अवलंबन आणि एपिटोपची बाजू, दोन्ही सिद्ध होतात.

कामाचे योग्य प्रमाण ठरवण्यासाठी १:२५०पासून १:४०००पर्यंत दुपटीने पातळ करत जावे आणि प्रत्येक पायरीवर ई-कॅडहेरिन असलेल्या व नसलेल्या पेशी दोन्ही ठेवाव्यात. सर्वांत तेजस्वी सिग्नल देणारे प्रमाण निवडण्याचा मोह होतो, परंतु निवडायचे ते या दोघांमधला फरक सर्वाधिक दाखवणारे.

वेस्टर्न ब्लॉट

पेशी पूर्ण वाढून एकमेकींना भिडलेल्या असताना घ्याव्यात आणि दोन नमुन्यांची तुलना करताना त्यांची दाटी सारखी ठेवावी. प्लेट कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेल्या थंड बफरने दोनदा धुऊन पेशी बर्फावरच रबरी स्क्रेपरने खरवडून काढाव्यात. त्या ट्रिप्सिनने सोडवू नयेत, कारण पेशीसंवर्धनात नेहमी वापरली जाणारी ट्रिप्सिनची बाटली बहुधा ईडीटीएयुक्त असते, म्हणजे वर वर्णन केलेला नाशकारक गट नेमका तोच असतो. ब्लॉट नाहक कोरा निघण्याची कारणे मोजायची झाल्यास मी हे कारण पहिल्या क्रमांकावर ठेवीन.

विद्रावणासाठी रिपा बफर योग्य असून त्यात प्रोटिएज निरोधक ऐनवेळी घालावेत. केवळ ट्रायटन असलेला सौम्य बफर वापरल्यास अ‍ॅक्टिनशी बांधलेल्या ई-कॅडहेरिनचा काही अंश न विरघळता गाळात जातो, आणि तो फेकला गेल्याने ज्या पेशींची जोडणी सर्वांत भक्कम तिथेच प्रथिन कमी असल्याचा उलटा निष्कर्ष निघू शकतो. शंका वाटल्यास गाळही एसडीएस असलेल्या नमुना बफरमध्ये उकळून शेजारच्या रांगेत चालवावा.

प्रत्येक रांगेत २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरते. संपूर्ण प्रथिन पाहण्यासाठी ७.५ किंवा ८ टक्क्यांचे जेल चांगले, तर छोटे तुकडेही पाहायचे असल्यास ४ ते १५ टक्क्यांचे चढते जेल घ्यावे. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन आधी मिथेनॉलमध्ये भिजवून ओल्या पद्धतीने १०० व्होल्टवर साधारण ९० मिनिटे किंवा ३० व्होल्टवर थंड खोलीत रात्रभर स्थलांतर करावे. त्यानंतर ट्वीनयुक्त टीबीएस बफरमध्ये ५ टक्के स्निग्धांशरहित दूध पावडर घालून तासभर ब्लॉकिंग, प्राथमिक प्रतिपिंड ४ अंशाला रात्रभर, प्रत्येकी १० मिनिटांच्या तीन धुण्या, दुय्यम प्रतिपिंड तासभर आणि पुन्हा तीन धुण्या, हा नेहमीचा क्रम इथेही चालतो.

लोडिंग कंट्रोल, म्हणजे प्रत्येक रांगेत सारखेच प्रथिन घातल्याची खात्री देणारे दुसरे प्रथिन, निवडताना मात्र ई-कॅडहेरिनचे तुकडे लक्षात घ्यावे लागतात. एडीएएम१० हा प्रोटिएज पेशीबाहेरचा भाग पटलाजवळ कापतो. त्यामुळे सुमारे ८० किलोडाल्टनचा विद्राव्य तुकडा माध्यमात सुटतो आणि सुमारे ३८ किलोडाल्टनचा शेपटीकडचा तुकडा पेशीतच राहतो. पुढे गॅमा-सिक्रिटेज त्याला आणखी कापून सुमारे ३३ किलोडाल्टनचा करते. आता शेपटीविरुद्धचे प्रतिपिंड वापरले आणि त्याच मेम्ब्रेनवर ३७ किलोडाल्टनचे जीएपीडीएच पाहिले, तर दोन्ही बँड एकमेकांवर येतात. व्हिन्क्युलिन घेतले तर ते थेट १२० किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे मुख्य बँडवरच बसते. सुमारे ५० किलोडाल्टनचे अल्फा-ट्युब्युलिन या दोन्ही अडचणींतून वाचवते.

यावरून बँडचे वाचन कसे करायचे तेही स्पष्ट होते. शेपटीच्या प्रतिपिंडाने ३८ किलोडाल्टनला बँड दाखवला आणि तो एडीएएम१०चा निरोधक दिल्यावर फिका झाला, तर ती प्रतिपिंडाची अविशिष्टता नव्हे, ते प्रथिनाचे खरे विभाजन आहे. बाहेरच्या भागाच्या प्रतिपिंडाला पेशींच्या लायसेटमध्ये हा तुकडा कधीच दिसणार नाही. त्याने ८० किलोडाल्टनचा तुकडा पाहायचा असल्यास पेशी सीरमरहित माध्यमात ठेवून ते माध्यम गोळा करावे व संहत करावे, कारण सीरममधील अल्ब्युमिन जेलवर ६६ किलोडाल्टनच्या आजूबाजूचा सगळा पट्टा फुगवून टाकते. १२०च्या थोडा वर येणारा फिकट बँड पूर्वरूपाचा असू शकतो आणि भरपूर प्रथिन बनवणाऱ्या पेशींत तो दिसणे स्वाभाविक आहे. सीडीएच१ काढलेल्या पेशींतही जसाच्या तसा राहणारा बँड मात्र अविशिष्टच समजावा, मग तो कितीही अपेक्षित जागी असो.

प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शन

काचेवर पेशी विरळ असतील तर हा प्रयोग करू नये. जोडणीच नसेल तर जोडणीचे प्रथिन जागेवर दिसणार नाही. पेशींचे बेटवजा समूह तयार झाल्यावर, शक्यतो एकमेकींना भिडून एक दिवस उलटल्यावर, माध्यम काढून कॅल्शियमयुक्त बफरने हलक्या हाताने धुवावे. फॉस्फेट बफरमध्ये जास्त कॅल्शियम घातल्यास ते कॅल्शियम फॉस्फेट होऊन खाली बसते आणि पेशींवर बारीक कणांची पूड दिसते. तयार मिळणारा कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त डीपीबीएस किंवा १ मिलिमोलर कॅल्शियम घातलेला टीबीएस वापरल्यास ही कटकट उरत नाही. काही बाह्य एपिटोप प्रथिनाच्या कॅल्शियमबद्ध आकारावर अवलंबून असल्याने अशा प्रतिपिंडांसाठी स्थिरीकरणापूर्वीच्या धुण्यांपासून प्रतिपिंड घालण्यापर्यंत सगळीकडे कॅल्शियम ठेवावे.

४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये सामान्य तापमानाला १० ते १५ मिनिटे स्थिरीकरण केल्यास पेशीचा आकार चांगला टिकतो. उणे २० अंशाच्या मिथेनॉलमध्ये ५ ते १० मिनिटे ठेवल्यास पटलातील मेद व विद्राव्य प्रथिने निघून जाऊन जोडणीच्या रेषा अधिक स्वच्छ दिसतात आणि वेगळे भेदन (प्रतिपिंड आत शिरावे म्हणून पटल सच्छिद्र करणे) करावे लागत नाही, परंतु जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) जोडलेले प्रथिन सोबत पाहायचे असेल तर त्याची चमक मिथेनॉलमध्ये जाते. कोणते चांगले, याचे उत्तर क्लोनगणिक वेगळे असल्याने नवे प्रतिपिंड आले की दोन्ही करून पाहावे. पॅराफॉर्माल्डिहाइडनंतर ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइडने १० मिनिटे उरलेले अल्डिहाइड गट निष्प्रभ करावेत, मग ०.१ टक्का ट्रायटनने भेदन करावे आणि दुय्यम प्रतिपिंड ज्या प्राण्यात बनले त्याच्या ५ टक्के सीरमने ब्लॉक करावे.

बाहेरच्या एपिटोपसाठी भेदन अनावश्यक असते, असे पुस्तकी उत्तर आहे आणि विरळ बेटांपुरते ते खरेही आहे. पण एमडीसीके किंवा काको-२ यांसारख्या पेशींचा घट्ट, ध्रुवीकृत थर तयार झाल्यावर ई-कॅडहेरिन पेशींच्या बाजूच्या भिंतींवर असते आणि वरच्या टोकाशी असलेल्या घट्ट संधी प्रतिपिंडाला तिथवर उतरू देत नाहीत. अशा थरात भेदन न करता रंगवल्यास थराच्या कडा तेवढ्या उजळतात आणि मधला भाग काळा राहतो. त्यावरून मधल्या पेशींत प्रथिनच नाही, असा अर्थ काढू नये.

चांगले चित्र कसे असते, ते एमसीएफ-७च्या एका बेटावरून समजून घेता येते. बेटाच्या आत प्रत्येक दोन पेशींच्या मध्ये एक बारीक, अखंड उजळ रेषा असते, तीन पेशी जिथे भेटतात तो बिंदू जरा अधिक तेजस्वी असतो आणि सगळे मिळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. आता नजर बेटाच्या बाहेरच्या काठावर न्यावी. काठावरच्या पेशीची जी बाजू शेजाऱ्याला भिडलेली आहे तिथे रेषा ठळक असते, आणि जी बाजू मोकळ्या काचेकडे आहे तिथे ती संपते किंवा अगदी क्षीण होते. हा मोकळा काठ प्रत्येक चित्रात फुकट मिळणारा निगेटिव्ह कंट्रोल आहे. तोही शेजाऱ्याकडच्या बाजूइतकाच उजळला असेल, तर एकतर प्रतिपिंड जास्त झाले आहे किंवा ते पटलातील भलत्याच प्रथिनाला चिकटत आहे. केंद्रकात रंग दिसला तर तो खरा मानण्याआधी फक्त दुय्यम प्रतिपिंड घातलेली काच पाहावी.

मूळ पेशी आणि सीडीएच१ काढलेल्या पेशी एकाच काचेवर मिसळून वाढवता आल्या, आणि त्यांपैकी एका गटाला आधी वेगळ्या रंगाने खूण केली, तर स्थिरीकरण, धुणी, प्रकाशाचा काळ हे सर्व आपोआप सारखे होते. याहून प्रामाणिक तुलना दुसरी नाही. फक्त निष्कर्ष सरमिसळीच्या सीमेवरून काढू नये. ई-कॅडहेरिन शेजारच्या पेशीवरील ई-कॅडहेरिनशीच जुळते, त्यामुळे जनुक नसलेल्या शेजाऱ्याला भिडलेल्या मूळ पेशीच्या त्या बाजूलाही ते साचत नाही. दोन्ही प्रकारच्या बेटांच्या आतल्या भागांची तुलना करावी.

जिवंत पेशींना बाहेरच्या भागाचे प्रतिपिंड लावून चित्रण करण्याची कल्पना आकर्षक असली, तरी डीईसीएमए-१, एचईसीडी-१ आणि एसएचई७८-७ ही प्रतिपिंडे आसंजनात अडथळा आणतात. ३७ अंशाला काही तासांनी पेशी सुट्या होताना दिसल्या, तर तो तपासल्या जाणाऱ्या औषधाचा परिणाम की प्रतिपिंडाचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

फ्लो सायटोमेट्री

पेशी एकेकट्या करून यंत्रातून मोजण्याच्या या पद्धतीत एक अंगभूत विरोध आहे. पेशी एकेकट्या करायला कॅल्शियम काढावे लागते, आणि बाह्य एपिटोप जपायला ते लागते. व्यवहार्य वाट अशी की पेशी ट्रिप्सिनविना, कॅल्शियमरहित बफरमधील २ ते ५ मिलिमोलर ईडीटीएने ३७ अंशाला सोडवाव्यात, सुट्या झाल्यावर धुऊन १ मिलिमोलर कॅल्शियम असलेल्या थंड बफरमध्ये घ्याव्यात, रंगवणे पूर्णपणे बर्फावर करावे आणि यंत्रात देण्याआधी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळावे. फ्लोसाठीची प्रतिपिंडे यादीत अनेकदा सीडी३२४ या नावाखाली असतात. मृत पेशी कोणत्याही प्रतिपिंडाला धरतात, म्हणून त्यांना वगळणारा रंग सोबत हवाच.

पॅराफिन छेदांवरील रंजन

फॉर्मेलिनमध्ये स्थिर करून पॅराफिनमध्ये बसवलेल्या ऊतीचे ४ मायक्रॉनचे छेद घेऊन उष्णतेने एपिटोप मोकळे करावे लागतात. ई-कॅडहेरिनच्या अनेक क्लोनना पीएच ९चा ईडीटीए बफर पीएच ६च्या सिट्रेटपेक्षा मानवतो. इतका वेळ कॅल्शियम जपून आता ईडीटीएतच उकळायचे हे विसंगत वाटेल, पण इथे निवडलेले क्लोन मुळातच उलगडलेल्या प्रथिनाला ओळखणारे असतात. साधारण २० मिनिटे तापवून तेवढाच वेळ निवू द्यावे, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ऊतीतील पेरॉक्सिडेज निष्क्रिय करावे आणि मग प्रतिपिंड, डीएबी (तपकिरी रंग देणारे द्रव्य) व शेवटी हिमॅटॉक्सिलिन (केंद्रके रंगवणारे) असा क्रम ठेवावा. बाह्यत्वचा किंवा ग्रंथींच्या नलिका पटलाभोवती तपकिरी कडेने उठून दिसल्या पाहिजेत, आणि त्याच छेदातील लिम्फोसाइट व संयोजी ऊती रंगहीन राहिल्या पाहिजेत.

स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा नाहीसे होते आणि डक्टल कर्करोगात ते सहसा टिकते, म्हणून विकृतिशास्त्रात या रंजनाला मोठे महत्त्व आहे. तरीही काही लोब्युलर अर्बुदांत सदोष प्रथिन उरते व रंग येतो. सीडीएच१मधील उत्परिवर्तनामुळे प्रथिन अर्धवट बनत असेल, तर बाहेरच्या भागाचे आणि शेपटीचे प्रतिपिंड एकाच छेदावर वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. अशा वेळी पी१२०-कॅटेनिनचे रंजन मदतीला येते, कारण कार्यक्षम ई-कॅडहेरिन नसेल तर ते पटलावर न राहता पेशीद्रवात पसरते. केवळ संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या प्रतिपिंडावरून रुग्णाचे निदान करू नये.

नोंदी आणि नवा लॉट

प्रयोगवहीत आणि लेखाच्या पद्धती विभागात केवळ ई-कॅडहेरिनविरोधी प्रतिपिंड एवढे लिहिणे पुरेसे नाही. क्लोनचे नाव, एपिटोप बाहेरचा की आतला, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, आरआरआयडी (संशोधन-साहित्याचा ओळख क्रमांक), प्रत्यक्ष संहती आणि स्थिरीकरणाची पद्धत या सर्व गोष्टी लिहाव्यात. केवळ १:१००० असे लिहून भागत नाही, कारण मूळ कुपीतली संहती लॉटनुसार बदलू शकते. म्हणून मिलिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम वापरले, हे द्यावे. नवा लॉट आल्यावर जुना संपण्याची वाट पाहू नये. एमसीएफ-७ आणि एसके-बीआर-३चे लायसेट एकदाच मोठ्या प्रमाणात करून छोट्या भागांत उणे ८० अंशाला ठेवावे, जुना व नवा लॉट त्याच लायसेटच्या दोन मेम्ब्रेनवर एकाच दिवशी चालवावा, आणि नव्या लॉटचे प्रमाण त्या निकालावरून पुन्हा ठरवून कुपीवर तारखेसह लिहावे.